खारट कपाळ

आई आणि आत्या एकमेकींना वहिनी म्हणत, आणि दोघी खऱ्याच एकमेकींच्या वहिनी होत्या. ज्या मांडवात आईचं लग्न बाबांशी लागलं, त्याच मांडवात बाबांच्या बहिणीचं लग्न आईच्या भावाशी लागलं होतं. साटंलोटं. त्यामुळे माझी आत्या हीच माझी मामी होती. शाळेत कुटुंबावर इंग्रजीत निबंध लिहायचा होता तेव्हा मी एकच बाई दोन नात्यांनी लिहिली, आणि आमच्या बाईंनी लाल पेनाने तिच्या दोन बायका करून टाकल्या. शाळेत मी सहसा काही बोलत नसे.

आम्ही गोंदियात राहायचो. बाबा रेल्वेत होते, दरेकसा स्टेशनवर ड्यूटीला जायचे. मामाचं घर अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका खेड्यात, तलावाखालची धानाची शेती. दोन घरांमध्ये पॅसेंजर गाडीचा काही तासांचा रस्ता होता, पण एका घरात काही झालं की दुसऱ्या घरात त्याचा आवाज यायचाच. बाबांनी एकदा भाजीवरून आईला खूप बोलून घेतलं आणि आई मला घेऊन माहेरी निघून गेली. त्याच आठवड्यात मामाने आत्याला पिशवी भरून गोंदियाच्या गाडीत बसवलं. तिच्या हातून काहीही झालं नव्हतं. तिची नणंद माहेरी आली, म्हणून तीही माहेरी. शेवटी समेट झाला तेव्हा आई परत येत होती आणि आत्या परत जात होती, आणि दोघी गोंदियाच्या फलाटावर भेटल्या. बाकावर बसून त्यांनी समोसे खाल्ले. आत्या म्हणाली, "वहिनी, पुढच्या वेळी भाजी चांगली करजा बापा. माझे पाय दुखते." दोघी हसल्या. मीही हसले, पण मला तेव्हाच कळलं होतं की आमच्याकडे कोणी कोणाला दोष देत नाही ते प्रेमामुळे नव्हे. दिलेला दोष तिकडे आपल्याच माणसाच्या ताटात पडतो, म्हणून.

माझी धाकटी बहीण १९९९ साली झाली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. ती सारखी भुकेली असायची आणि अंगाला काही लागायचं नाही. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्यांसारखे. शी तेलकट, आणि तिचा वास घरभर. खोकला लागला की चेहरा निळसर व्हायचा. आत्या बाळ बघायला आली तेव्हा तिने तिचा मुका घेतला, ओठ पुसले आणि म्हणाली, "लय खारट आहे ही पोट्टी." सगळे हसले. पुढे तो घरातला विनोदच झाला. भाजीत मीठ कमी पडलं तर बाबा म्हणायचे, हिला बुडवून काढा.

गोंदियात टीबीची औषधं दिली. कोर्स संपला, खोकला तसाच. पुन्हा दिली. तिला सहावं वर्ष लागायच्या सुमारास एका डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथे तिच्या हाताला एक पट्टी बांधून घाम गोळा केला, आणि त्या घामात मीठ किती आहे ते मोजलं. जे आम्ही पाच वर्षं हसण्यावारी नेत होतो, त्याचीच ती तपासणी होती.

नागपूरचे डॉक्टर हिंदीत सुरू करायचे आणि अवघड जागी इंग्रजीत जायचे. तिथे आले की बाबा माझ्याकडे बघायचे. मी दहावीत होते. सिस्टिक फायब्रोसिस हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि लगेच ते आईबाबांना समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं की फुप्फुसातला कफ चिकट होतो, जेवण पचत नाही, घामातून मीठ जातं. आयुष्यभर औषधं. पुढचं मी थोडं थांबून सांगितलं. हे जन्मतःच असतं. प्रत्येक गुणाच्या आपल्या शरीरात दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बाबांकडची. एक बिघडलेली असली तर माणसाला काही होत नाही, त्याला कळतही नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच हा आजार होतो. म्हणजे तो दोघांकडून आला आहे.

आई म्हणाली, "दोघांकडून?"

मी हो म्हटलं. परतीच्या गाडीत ते दोघं समोरासमोर बसले होते आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होते. मला वाटतं, इतकी वर्षं प्रत्येकाने मनात धरलं होतं की हे दुसऱ्याच्या घरचं आहे. आता त्यांच्याकडे तेवढाही आधार उरला नव्हता.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच सुरू झालं होतं. माझ्या जन्माच्या आधी आत्याचं एक बाळ गेलं होतं. वर्षाचं होतं, मे महिना होता, लू लागली असं सगळे सांगत. आत्या त्याच्याबद्दल बोलायची तेव्हा एक गोष्ट नेहमी सांगायची, की ते कितीही पाजलं तरी भुकेलं राहायचं. बाबा आणि आत्या सख्खे बहीणभाऊ. आई आणि मामा सख्खे बहीणभाऊ. जे आमच्या घरी एकत्र आलं, ते त्यांच्याही घरी येऊ शकत होतं. मी घरी आल्यावर बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिले कायले सांगायचं? झालं ते झालं. मामाले कळलं तं तो म्हणीन, तुमच्या घरच्या पोरीनं आणलं. मग मी तुझ्या आईले म्हणू का, तुमच्या घरचं म्हणून?"

तेव्हापासून माझ्या बहिणीला सगळ्यांसाठी दमा झाला.

आम्ही दम्यासारखंच वागायला शिकलो. पाहुणे आले की जेवणाबरोबरच्या कॅप्सूल ती आत जाऊन घ्यायची. सकाळ-संध्याकाळ तिला पालथं झोपवून मी तिच्या पाठीवर पोकळ तळव्याने थापटायची, कफ सुटावा म्हणून. शेजारीण विचारायची, सुबह-सुबह क्या कूटते रहते हो. उन्हाळा आला की लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली तिच्या गळ्यात अडकवलेली असे, आणि ती रिकामी झाली का हे बघायला मी शाळेच्या मधल्या सुट्टीत तिच्या वर्गापर्यंत धावायची. रात्री ती खोकली की मी जागी व्हायची, आणि नाही खोकली तरी जागी व्हायची. आईने ऑपरेशन करून घेतलं. आत्या दरवेळी म्हणायची, "वहिनी, एखादा पोरगा होऊ द्या लागत होता." आई म्हणायची, झाल्या दोन, पुरे. आत्याला वाटायचं हे रेल्वेच्या क्वार्टरमधलं शहरी बोलणं.

आत्याला एक मुलगा होता, गेलेल्या बाळाआधीचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. पुढे तो चिचगडच्या आश्रमशाळेत शिक्षक झाला. आम्ही दोघं एकमेकांच्या आईला आत्याच म्हणायचो. लहानपणापासून त्याच्या नावाने मला चिडवलं जायचं. मला तो आवडत होता की नाही, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. एवढंच सांगते, की तो येताना तलावातले शिंगाडे उकडून आणायचा, आणि माझ्या वाट्याचे सोलून आणायचा, कारण काळ्या सालींचे डाग बोटांना लागलेले मला चालत नसत. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याने बघितलं होतं.

२०१० च्या दिवाळीनंतर मामाने लग्नाचं काढलं. उन्हाळ्यात साक्षगंध करून टाकू, म्हणाला. बाबा हो म्हणाले. आई काहीच म्हणाली नाही. मी गोंदियाच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवत होते तेव्हा. घरी आले की आईच्या तोंडाकडे बघायची. एक दिवस तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलं होतं ना, चारात एक. एक तर झाली आमच्या घरी. आता पुढचे चांगले होतील."

मी बहिणीच्या खेळातले फोडलेले चिंचोके आणले. एका बाजूने काळे, एका बाजूने पांढरे. काळी बाजू म्हणजे बिघडलेली प्रत. आईच्या हातात एक दिला, माझ्या हातात एक घेतला. दोन्ही टाकले. कधी दोन्ही पांढरे, कधी एक काळा एक पांढरा, कधी दोन्ही काळे. दोन्ही काळे पडले की मी थांबून आईला म्हणायची, आता परत टाक. लगेच पुन्हा दोन्ही काळे पडले. आईने चिंचोके सुपात टाकून दिले. मागचं काय पडलं ते चिंचोक्याला आठवत नाही, हे तिला कळलं होतं.

"मग तपासून घे," ती म्हणाली. "तुझ्यात नसलं तर झालं."

तपासायला आधी बहिणीचं रक्त लागत होतं. तिच्यात कोणते दोन बिघाड आहेत ते सापडले, तरच ते माझ्यात शोधता येणार होते. नेहमीच सापडतील असं नाही, डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघी नागपूरला गेलो. रक्त दिल्यावर ती कोपरात हात मुडपून माझ्याशेजारी बसली. ती अकरा वर्षांची होती, आणि दवाखान्यात वाढलेल्या मुलांना असते तशी तिला नको तेवढी समज होती.

"ताई, हे कायसाठी?"

मी म्हटलं, पुढे मला मूल झालं तर त्याला हा आजार होऊ नये, म्हणून.

"म्हणजे पोटातच समजते?"

"समजतं."

"मी होती तेव्हा समजलं असतं तं?"

मी समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत राहिले. ती म्हणाली, "घाबरू नको. मी आईले नाही विचारत."

रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत मी शाळेत हजेरी घेताना एकाच मुलाला दोनदा हाक मारायची. बिघाड दोन्ही सापडले; आईनेही नंतर रक्त दिलं होतं, त्यावरून कळलं की एक तिचा, एक बाबांचा. बाबांचा माझ्यात होता. डॉक्टरांनी फोनवर कॅरिअर हा शब्द वापरला आणि लगेच म्हणाले की मला स्वतःला काहीही धोका नाही, मी पूर्ण निरोगी आहे. पुढचा प्रश्न, मुलगा कोण आहे.

त्याला मी गोंदिया स्टेशनवर बोलावलं. सांगायला मला इतका वेळ लागला की त्याची परतीची गाडी सुटून गेली. शेवटी तो म्हणाला, "दमा नाही तर." मी मान हलवली. त्याने विचारलं, त्याच्या बाबांना, म्हणजे मामाला, माहीत आहे का. नाही, म्हटलं. पुढच्या आठवड्यात घरी काहीतरी कारण सांगून तो नागपूरला जाऊन आला.

त्याच्यातही होता. आमच्या आईत होता तोच, मामाकडून आलेला.

त्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच फलाटावर भेटलो. बहीण माझ्याबरोबर होती. तिला पुढच्या बाकावर बसवून समोसा दिला होता, कॅप्सूल घेऊन ती तो खात होती. डॉक्टरांनी आम्हाला नाही म्हणून सांगितलं नव्हतं. लग्न करू शकता, म्हणाले होते. दिवस राहिले की तिसऱ्या महिन्यात तपासणी करता येते. काय निघालं ते बघून तुम्ही दोघांनी ठरवायचं.

तो म्हणाला, "लोक करतात तशी तपासणी."

"आणि निघालं तर?"

आम्ही दोघंही पुढच्या बाकाकडे बघत होतो. ती पाय हलवत समोश्यातले शेंगदाणे वेचून आधी खात होती. निघालं तर नको म्हणायचं, आणि घरी येऊन तिची पाठ थापटायची, हे मला जमणार नव्हतं. माहीत असून होऊ द्यायचं, आणि आणखी एक लेकरू असं रात्रभर खोकताना ऐकायचं, हेही जमणार नव्हतं. मूलच नको असं ठरवलं असतं तर ते दोन्ही घरांना सांगायचं कसं, आणि वर्ष-दोन वर्षांत आत्या काय काय नवस करील, ते मला बसल्या जागी दिसत होतं. दुसऱ्या कोणासाठी दुसरं उत्तर बरोबर असेल. डॉक्टरांकडे अशी जोडपी येतच असतील. मला माझ्यापुरतं कळत होतं. मी हे त्याला नीट सांगू शकले नाही. "माझ्याच्यानं नाही होणार," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "समजलं." मग म्हणाला, "मलाही नाही जमायचं. तिच्यासमोर."

पण नाही कोणी म्हणायचं, हा प्रश्न होता. मी नाही म्हटलं असतं तर मामाच्या घराचा अपमान, आणि तो आत्याला भोगायचा. त्याने म्हटलं असतं तर बाबांचा, आणि तो आईला. शेवटी त्याने सुचवलं की दोघांनी एकाच बैठकीत, एकामागोमाग म्हणू. कोणाचं देणं राहणार नाही. त्या दिवशी आम्ही तेवढंच हसलो.

एप्रिलमध्ये तारीख ठरवायला आम्ही सगळे मामाकडे गेलो. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोड, जड वास घरात भरला होता. ऊन इतकं की मी गाडीतच बहिणीला दोन बाटल्या मीठपाणी पाजलं होतं. तरी ती पोहोचल्या पोहोचल्या तलावाच्या पाळीवर पळाली. मामा कॅलेंडर घेऊन बसला. विहारात लग्न लावू, जेवण इथेच ठेवू, असं चाललं होतं. आत्या चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.

त्याने सांगितलं, "बाबा, आम्ही लग्न नाही करत."

आता माझी पाळी होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी मामाच्या हातातल्या कॅलेंडरकडे. त्याचं वाक्य तसंच एकटं पडून राहिलं. मामाची नजर माझ्यावरून आईकडे गेली, आणि आईने पदर सारखा केला, जणू मार चुकवायचा आहे. ते बघून मी म्हटलं, "मीही नाही."

"काऊन?" मामा म्हणाला. "पोरात काही खोट आहे का पोरीत?"

बाबा माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत होते, नको म्हणून. त्यांची ती मान मला अजून दिसते. मी सांगायला सुरुवात केली. बहिणीला दमा नाही. आजाराचं नाव सांगितलं. तो दोघांकडून येतो हे सांगितलं. बिघाड माझ्यात आहे, त्याच्यातही आहे. माझा बाबांकडचा, त्याचा मामाकडचा, म्हणजे दोन्ही घरांचा. मी जमिनीकडे बघून बोलत होते आणि मध्येच थांबले असते तर पुन्हा सुरू करू शकले नसते.

मामाने कॅलेंडरची गुंडाळी केली. आईला म्हणाला, "इतके वर्ष आमच्याजवळ दमा सांगून राहिली तू. आपल्या भावाजवळ." आई रडायला लागली. बाबा म्हणाले, तिले काही बोलू नको, मीच सांगू नको म्हटलं होतं. मामा म्हणाला की तुमचीच बहीण आहे ना या घरात, मग तिच्यापासूनही का लपवलं. आवाज चढत गेले. ज्या भांडणाला दोन्ही घरं इतकी वर्षं घाबरत आली होती ते सुरू झालं होतं, आणि मला वाटत होतं की हे सगळं मी केलं आहे.

आत्याने हातातली बशी खाली ठेवली.

"मंग माह्या बाळाले बी तेच होतं का?"

मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही आत्या, त्याची तपासणी झाली नव्हती. पण असू शकतं.

"लू नाही लागली त्याले?"

"उन्हात त्यांचं मीठ लवकर जातं. म्हणून लागली असेल."

ती हळू म्हणाली, "मले वाटे माह्या दुधातच कस नव्हता. कितीही पाजलं तरी रडे." मामाने तिच्याकडे बघितलं. मला वाटतं हे त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

तेवढ्यात बहीण पाळीवरून परत आली, धापा टाकत, खोकत, केस कपाळाला चिकटलेले. घरातली शांतता बघून ती दारातच थांबली. आत्याने हात धरून तिला जवळ ओढलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवले. या वेळी तिने ओठ पुसले नाहीत. डोळे मिटून ती बराच वेळ तशीच राहिली, एखादी चव आठवून बघावी तशी.

बहीण अवघडून म्हणाली, "आत्या, लय घाम आला आहे मले."

"राहू दे," आत्या म्हणाली. ओठ न काढताच तिने माझ्या आईकडे हात लांब केला. "वहिनी, हिचं मीठपाणी आणा."